उजवीकडचं दार

मुलुंड पूर्वेला स्टेशनपासून जवळच देवव्रत सबनीस यांचा दातांचा दवाखाना होता. तिथल्या कितीतरी लोकांनी लहानपणी त्यांच्या खुर्चीत रडून घेतलेलं. दवाखान्याची इमारत पुनर्विकासात गेली तेव्हा डॉक्टरांनी सत्तरीच्या उंबरठ्यावर पुन्हा नवा दवाखाना थाटायचा नाही असं ठरवलं, जागेचा मोबदला घेतला आणि एक गाडी बुक केली.

गाडी चौकोनीच हवी, हे त्यांचं फार जुनं ठरलेलं होतं. शिकून बाहेर पडल्यावर सुरुवातीची काही वर्षं ते जव्हारकडच्या आरोग्य शिबिरांना जात. न्यायला सरकारी जीप यायची. सरळ काच, सपाट बॉनेट, चारी कोपरे सुतारानं गुण्या लावून कापल्यासारखे. जीप पाड्यात शिरली की घराघरांतून माणसं बाहेर येत, आणि आतून उतरणारा काटकुळा देवव्रत क्षणभर का होईना, कुणीतरी मोठा माणूस असायचा. पुढे लग्न झालं, गंधालीचा जन्म झाला, घरात एकामागून एक लहान, गोलगरगरीत, कमी पेट्रोल पिणाऱ्या गाड्या आल्या. रस्त्यात कुठे ती भारी परदेशी चौकोनी गाडी दिसली की डॉक्टर सिग्नल सुटल्यावरही बघत राहत आणि मागचे लोक हॉर्न वाजवत.

अंधेरीच्या शोरूममध्ये ते एकटेच गेले. तिथल्या विक्रेत्यानं सांगितलं, की आता हे मॉडेल हायब्रिडमध्येच येतं. पेट्रोलचं इंजिन आहेच, पण जोडीला बॅटरी. घरी चार्जिंगला लावून ठेवायची, मग शहरातल्या शहरात इंजिनाला हात लावायची गरज नाही. डॉक्टर चाचणीसाठी गाडीत बसले आणि गाडी सुरू व्हायची वाट बघू लागले. ती केव्हाच सुरू झाली होती. त्यांचा चेहरा पडलेला बघून विक्रेता म्हणाला, "ताकद तीच आहे सर, फक्त ओरडत नाही." आणि एक बटण दाखवलं. ते दाबलं की इंजिन चालूच राहतं. खाली कुठूनतरी घनगंभीर घरघर आली, तेव्हा कुठे डॉक्टरांचं समाधान झालं. सगळी माहिती सांगून झाली, पण त्यांच्या लक्षात राहिलं ते हे बटण.

गाडी नीलम नगरच्या सोसायटीत आली तेव्हा कुंदाताई खाली उतरल्या. त्या भांडुपच्या शाळेत भूगोल शिकवायच्या, निवृत्त होऊन चार-पाच वर्षं झाली होती. त्यांनी गाडीभोवती नजर फिरवली आणि पहिली गोष्ट विचारली, ती म्हणजे ही एवढी उंच का. डॉक्टर म्हणाले, उंच असते म्हणूनच तर दगडधोंड्यांतून जाते. मुलुंडमध्ये दगडधोंडे कुठे आहेत, हे कुंदाताईंनी विचारलं नाही.

दुपारी पूजा झाली. नारळ फुटला, चाकाखाली लिंबं ठेवली, शेजारपाजारचे जमले. आता दोघांनी गाडीतून एक चक्कर मारून यायची होती. डॉक्टर उजवीकडून चढून बसले. कुंदाताई डाव्या दारापाशी आल्या, साडी सावरून त्यांनी उजवा पाय वर टाकला आणि तिथेच अडल्या. त्यांचा उजवा गुडघा कितीतरी दिवस कुरकुरत होता. अंगाचा भार त्याच्यावर घेऊन वर उचलायचं म्हणजे अशक्यच. त्यांनी दुसऱ्यांदा प्रयत्न केला. तेवढ्यात डॉक्टर उतरून धावत आले आणि त्यांनी मागून आधार द्यायचा म्हणून ढकललं. मोबाइलवर चित्रीकरण करणारं कुणीतरी हसलं. हसण्यात वाईट काही नव्हतं, पण कुंदाताईंनी पाय खाली घेतला, पदर नीट केला आणि म्हणाल्या, "तुम्ही मारून या चक्कर. मी वर जाऊन चहाचं बघते."

पुढच्याच आठवड्यात डॉक्टरांनी गाडीला पायरी बसवून घेतली. तीही त्या गुडघ्याला उंचच पडली. मग एके दिवशी ते घरातला चौरंग घेऊन खाली आले आणि डाव्या दाराशी मांडून कुंदाताईंना हाक मारली. त्यांनी गॅलरीतून खाली बघितलं. "मी काय सत्यनारायण आहे, चौरंगावर चढायला?" त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. त्यानंतर तो विषय दोघांनीही काढला नाही. कुठे जायचं झालं तर कुंदाताई रिक्षा करायच्या.

डॉक्टर एकटेच फिरू लागले. सोसायटीतून निघताना ते न चुकता ते बटण दाबत. पोरं त्या गाडीला कपाट म्हणत, आणि कपाट निघालं की सगळ्या विंगना कळे. रविवारी ते बाळ राजाध्यक्षांच्या गटाबरोबर बाहेर पडत. बाळ हा त्यांचा कॉलेजपासूनचा मित्र. त्याच्याकडे जुनी उघडी डिझेल जीप होती. तिचा आवाज, धूर आणि तिचा मालक तिन्ही सारखेच दणदणीत होते. मुरबाड, शहापूरच्या बाजूला कच्च्या रस्त्यांनी जायचं, कुठे झाडाखाली डबे सोडायचे आणि संध्याकाळी परत, असा त्यांचा कार्यक्रम. बाळला ही नवी गाडी मुळीच पटली नव्हती. "देव्या, गाडी येते तेव्हा रस्त्यावरचं कुत्रं उठलं पाहिजे रे," तो म्हणायचा. "तुझी येते तेव्हा ते कूस बदलून झोपतं." डॉक्टर हसत, पण घरी येताना त्यांना ते आठवत राही. शेजारच्या रिकाम्या सीटवर डबा आणि पाण्याची बाटली असायची.

असं करता करता वर्ष होत आलं. हिवाळ्यात डॉक्टरांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. घाटकोपरला त्यांचे नेहमीचे डोळ्यांचे डॉक्टर होते. त्यांनी सांगितलं, की मी सांगेपर्यंत गाडी चालवायची नाही. जाताना-येताना टॅक्सी केली. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ते डोळ्यात थेंब घालून पडले असताना इंटरकॉम वाजला. खालून सोसायटीचा वॉचमन गुणाजी बोलत होता. पाण्याची टाकी साफ करायला टँकर आला होता, आणि तो उभा करायची जागा म्हणजे पंपघरासमोरची. गाडीच्या चार्जिंगची जोडणी पंपघराच्या भिंतीवर असल्यामुळे गाडी नेमकी तिथेच होती.

डॉक्टरांना उठवायला नको म्हणून कुंदाताईंनी चावी घेतली आणि त्या खाली गेल्या. कुणीतरी गाडी हलवणारा मिळेल, असं त्यांना वाटलं होतं. दुपारच्या वेळी कुणीच नव्हतं. गुणाजीला गाडी येत नव्हती. टँकरवाला म्हणाला, मी हलवली असती काकी, पण एवढ्या महागाच्या गाडीला माझा हात नको. कुंदाताईंनी चार्जिंगची वायर काढून गुंडाळून ठेवली आणि उजवीकडचं दार उघडलं. आत निदान ब्रेक कुठे आहे, ते तर बघू, एवढंच मनात होतं.

उजव्या दाराशी उभं राहिल्यावर आधी डावा पाय वर जातो. त्यांचाही गेला. दाराच्या खांबाला आतून मूठ होती, ती त्यांनी धरली, डाव्या पायावर भार घेतला आणि त्या वर गेल्या. उजवा पाय मागाहून आपोआप आत आला. सीटवर बसल्यावर दोन क्षण त्यांना काय झालं, तेच उमगलं नाही. मग त्या एकट्याच हसल्या.

गाडी त्यांना येत होती. म्हणजे एके काळी येत होती. घरात पहिली छोटी गाडी आली, तेव्हा त्या मुलुंडहून भांडुपला शाळेत रोज ती घेऊन जात. पुढे नवी गाडी आली, डॉक्टरांना ती जपून वापरावीशी वाटली, शाळेची बस सुरू झाली, आणि कुंदाताईंचं चालवणं बंद पडलं. कुणी बंद केलं नव्हतं. लायसन्स मात्र त्यांनी दर वेळी नवं करून घेतलं होतं, ओळखपत्र म्हणून.

सीटवरून त्यांनी समोर बघितलं. बॉनेटची कड सरळ होती, आणि तिच्या दोन्ही टोकांना इंडिकेटरचे दोन उंचवटे दिसत होते. गाडी कुठे सुरू होते आणि कुठे संपते, ते इतकं स्वच्छ कळत होतं, की त्यांना नवल वाटलं. त्यांनी शेवटी चालवलेल्या गाडीचं नाक पुढे गोल उतरत जायचं आणि भिंत किती लांब आहे, ते अंदाजानं ठरवावं लागे. क्लच नव्हता. त्यांनी ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबलं. समोरचे दिवे लागले, आवाज काही आला नाही. "चालू झाली का रे?" त्यांनी गुणाजीला विचारलं. त्यालाही सांगता येईना. मग त्यांनी गिअर मागे टाकला, ब्रेक थोडा सोडला, आणि ती अजस्र वस्तू कुणी झोपलेलं असावं आणि त्याला उठवायचं नसावं, अशी हळूच मागे सरकली. गुणाजी हात हलवत मागे मागे जात राहिला. गाडी जांभळाच्या झाडाखाली उभी राहिली. टँकर आत आला.

संध्याकाळी डॉक्टर काळा चष्मा लावून गॅलरीत आले आणि त्यांना गाडी भलत्याच जागी दिसली. कुणी हलवली, म्हणून त्यांनी विचारलं.

"मी," कुंदाताई म्हणाल्या. त्या पालेभाजी निवडत होत्या.

"तू चढलीस कशी?"

"उजवीकडून. तिकडून डावा पाय आधी जातो. डावा गुडघा चांगला आहे माझा."

डॉक्टरांनी पुन्हा खाली गाडीकडे बघितलं. पायरी बसवली, चौरंग नेला, मनातल्या मनात तिच्यावर रागावूनही झालं. पण तिला घेऊन गाडीच्या दुसऱ्या बाजूला जावं, असं कधी सुचलं नव्हतं. त्यांनी तसं बोलून दाखवल्यावर कुंदाताई म्हणाल्या, "मला तरी कुठे सुचलं? ते दार तुमचं होतं ना."

डोळा दाखवायला पुन्हा घाटकोपरला जायचं होतं. आदल्या दोन सकाळी कुंदाताईंनी कालिदास नाट्यगृहाच्या बाजूच्या मोकळ्या रस्त्यावर गाडी फिरवली. डॉक्टर शेजारी बसून सूचना करत होते. दुसऱ्या दिवशी कुंदाताईंनी त्या सूचना कमी करायला सांगितल्या आणि डॉक्टरांनी त्या कमी केल्या. तिसऱ्या दिवशी ते दोघं एलबीएस रोडनं निघाले.

भांडुपपाशी नेहमीप्रमाणे सगळं तुंबलं होतं. मेट्रोचं काम, बस, रिक्षा, मध्येच घुसणारे मोटरसायकलवाले. गाडी बॅटरीवर होती. काचा वर होत्या आणि आत इतकं शांत होतं, की डॉक्टर सीटवर सरकले तरी ऐकू येत होतं. त्यांच्या लक्षात आलं, की आपण दोघं गाडीत असताना कधी बोलत नव्हतो. चालवताना ते रहदारीवर वैतागायचे आणि कुंदाताई खिडकीबाहेर बघायच्या. आता डॉक्टरांच्या हाताला काही काम नव्हतं.

कुंदाताईंनी समोर बघतच विचारलं, "एक विचारू? तुम्हाला ही गाडी हवी कशाला होती?"

विनोदानं उत्तर द्यायचं डॉक्टरांच्या तोंडावर आलं होतं. पण पुढची बस हलत नव्हती आणि घाई कसलीच नव्हती. त्यांनी सांगितलं, की एवढी वर्षं माणसं त्यांच्याकडे घाबरत आली आणि दुखणं थांबलं की विसरून गेली. लग्नाकार्यात कुणी ओळख करून द्यायचं, हे डॉक्टर सबनीस. समोरचा सरसावून बसायचा आणि मग कळायचं, दातांचे. तो लगेच सैल व्हायचा. आपण कुठेतरी पोचावं आणि लोकांनी वळून बघावं, एवढंच त्यांना एकदा हवं होतं. बोलताना त्यांना लाज वाटली, पण काळ्या चष्म्यामुळे ती दिसली नसावी.

कुंदाताईंनी मान डोलावली. बस हलली, तशी त्यांनी गाडी पुढे घेतली. थोड्या वेळानं म्हणाल्या, "मला सांगायचं होतंत. मला वाटत होतं, तुम्हाला बाळभावजींसारखं व्हायचंय."

लोक बघत होतेच. विक्रोळीच्या सिग्नलला रिक्षातल्या दोन बायका वाकून वर बघायला लागल्या. एका मोटरसायकलवाल्यानं अंगठा उंचावून दाखवला. सुती साडी, नाकावर घसरलेला चष्मा, पांढरी वेणी, आणि ती एवढ्या काळ्या चौकोनी धुडाच्या स्टीअरिंगवर. डाव्या सीटवर बसलेल्या माणसाकडे मात्र कुणी पाहिलं नाही. डॉक्टरांना ते बोचलं. त्यांनी काच थोडी खाली केली, मग पुन्हा वर केली.

डोळा बरा झाला, गाडी चालवायला परवानगी मिळाली. डॉक्टर दुसऱ्याच दिवशी चावी घेऊन खाली उतरले, बटण दाबलं आणि ठाण्यापर्यंत जाऊन आले. आणखी दोनदा गेले. कुंदाताईंनी चावी मागितली नाही, तोंडही पाडलं नाही. त्या पुन्हा रिक्षानं भाजीला गेल्या. प्रश्न सरळ होता: डावीकडून त्यांना चढता येत नव्हतं, आणि मागच्या उजव्या दाराला धरायला मूठ नव्हती. एक तर डॉक्टरांनी एकट्यानं जायचं, नाही तर दोघांनी, आणि दोघांनी म्हणजे कुंदाताईंच्या हातात गाडी.

डॉक्टरांनी गंधालीला फोन केला. ती मरोळला नोकरी करायची, अंधेरीत राहायची. तिला वाटलं होतं, बाबा डोळ्याबद्दल सांगतील. ते गाडीबद्दलच बोलत राहिले. सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, की बाबा, तुम्हाला यातलं काय हवंय, ते मला कसं कळणार? त्यांना राग आला, आणि फोन ठेवल्यावर तो गेलाही. त्या रविवारी बाळच्या गटाचं मुरबाडच्या पलीकडे जायचं ठरलं होतं. शनिवारी जेवताना डॉक्टरांनी विचारलं, "उद्या येतेस? तूच चालव."

कुंदाताईंनी भातावर आमटी वाढून घेतली. कच्च्या रस्त्यावर त्यांनी कधी चालवलं नव्हतं, तसं त्यांनी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, बघू.

सकाळी कल्याण फाट्यापुढच्या टपरीवर सगळे भेटले. बाळनं कुंदाताईंना उजव्या दारातून उतरताना पाहिलं आणि तो चहाचा ग्लास हातात घेऊन पुढे आला. मग म्हणाला, "वहिनी, देव्यानं नोकरीवर ठेवलं की काय तुम्हाला?" कुंदाताई म्हणाल्या, पगाराचं अजून ठरायचंय. बाकीचे हसले आणि तो विषय तिथेच संपला.

डांबर संपल्यावर तासभर ठीक गेला. मग रस्ता एका कोरड्या ओढ्यात उतरला आणि पलीकडच्या काठावर चढला. चढ बराच उभा होता, मध्ये मोठमोठे दगड. बाळची जीप गुरगुरत, मागची चाकं फिरवत, धुळीचा लोट उडवत वर गेली. कुंदाताईंनी काठावर गाडी थांबवली. "मला जमणार नाही हे. तुम्ही घ्या."

डॉक्टर दार उघडून खाली उतरले. गाडीला वळसा घालून उजव्या दाराशी आले. हाच तो रस्ता, ज्याच्यासाठी गाडी घेतली होती. त्यांनी गाडी वर नेली असती, तर कुंदाताईंना हा ओढा पायी पार करावा लागला असता, त्या दगडांतून, तसल्या गुडघ्यानं. त्यांनी दगडांकडे बघितलं, मग दारावर हात ठेवून म्हणाले, "तू बसून राहा. मी पुढे उभा राहतो आणि सांगतो. माझ्या हाताकडे बघ, दगडांकडे बघू नकोस."

ते ओढ्यात उतरले. दगडांवरून तोल सांभाळत चढाच्या मध्यावर गेले आणि तोंड गाडीकडे करून उभे राहिले. मग त्यांनी दोन्ही हात वर केले. गाडी बॅटरीवरच होती. ती ओढ्यात उतरली, तेव्हा टायरखालचे खडे सरकल्याचा आवाज तेवढा आला. डॉक्टर मोठ्यानं बोलत नव्हते. थोडी डावीकडे. अजून. थांब. आता सरळ, हळूहळू. एवढी वर्षं त्यांनी खुर्चीत बसलेल्या घाबरलेल्या माणसांना याच आवाजात सांगितलं होतं, की आता थोडं दुखेल, आता नाही दुखणार. इंजिनाचा गोंगाट असता तर त्यातलं एक अक्षर कुंदाताईंना ऐकू गेलं नसतं. खिडकी उघडी होती आणि त्यांना प्रत्येक शब्द ऐकू येत होता. पुढचं चाक एका दगडावर चढलं, गाडी कलली. त्यांचे हात स्टीअरिंगवर घट्ट झाले. डॉक्टर तिथेच उभे राहून म्हणाले, "काही होत नाही. येऊ दे." गाडी दगडावरून उतरली, डॉक्टर मागे मागे चढत गेले, आणि दोघंही वर आली.

वर बाळ जीप बंद करून उभा होता. हाताची घडी घालून त्यानं सगळं बघितलं होतं. तो डॉक्टरांजवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, की मी सुमनला एकदा तरी चालवायला द्यायला हवी होती रे. सुमन त्याची बायको. तिला जाऊन आता तीन वर्षं झाली होती. डॉक्टरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

आंब्याच्या झाडाखाली डबे उघडले. कुंदाताईंनी थालीपीठ मोडून अर्धं डॉक्टरांना दिलं. परतताना बाळ त्यांच्या गाडीत मागच्या सीटवर येऊन बसला. जीप त्यानं गटातल्या दुसऱ्याच्या हाती दिली. थोडा वेळ तो गाडीतल्या शांततेला नावं ठेवत होता, मग त्याला झोप लागली.

त्यानंतर आठवड्यात कधी डॉक्टर एकटे बाहेर पडत, कधी दोघं. एकटे असले की बटण दाबायचे. ती हौस काही सुटली नाही. पोरं मात्र हळूहळू कपाट म्हणायचं विसरली आणि काकूंची गाडी म्हणू लागली. गंधाली एकदा राहायला आली असताना तिनं खाली ते ऐकलं आणि वर येऊन वडिलांना विचारलं, की तुम्हाला वाईट वाटतं का.

डॉक्टर वर्तमानपत्र बघत होते. खोटं बोलावं, असं त्यांना वाटलं नाही.

"वाटतं थोडं," ते म्हणाले. मग आतल्या खोलीकडे बघून त्यांनी विचारलं, की कुंदा, येत्या रविवारी बाळला बरोबर घ्यायचं, की आपणच जायचं.